सक्ती हवीच, पण मालकावर

‘कंपनीने कर्मचाऱ्यांना लस सक्तीची करावी का?’ हा प्रश्न २०२१ साली आपल्याकडे घरोघरी चघळला गेला. उत्तरं दोनच होती. एक गट म्हणायचा, साथ चालू आहे, इथे तुमचं स्वातंत्र्य काय घेऊन बसलात. टोचून घ्या नाहीतर घरी बसा. दुसरा गट म्हणायचा, माझं शरीर, माझी मर्जी. मालक पगार देतो म्हणजे माझा दंड विकत घेत नाही. साथ ओसरली, मास्क उतरले आणि हा वाद अर्धवट टाकून सगळे आपापल्या कामाला लागले. पुढची साथ आली की हीच दोन उत्तरं पुन्हा झटकून बाहेर काढली जातील. म्हणून शांतता आहे तोवर लिहून ठेवतो. माझ्या मते दोन्ही गट चुकीच्या माणसाबद्दल भांडत होते. सक्ती हवी. ती कामगारावर नको, मालकावर हवी.

गैरसमज नको म्हणून आधीच सांगतो, मी लसविरोधी नाही. लशींनी देवी संपवली, भारतातून पोलिओ हद्दपार केला आणि कोविडच्या लशींनी गंभीर आजार आणि मृत्यू कमी केले. यावर माझा वाद नाही. लशीत चिप असते म्हणणाऱ्यांशी भांडायलाही मी इथे आलेलो नाही. मला भांडायचंय ते लशीच्या बाजूच्या लोकांशी. म्हणजे माझ्यासारख्या, शिकलेल्या, नोकरदार, विज्ञानावर विश्वास ठेवणाऱ्या लोकांशी. ‘सक्ती करा’ हे वाक्य आपण फार सहज उच्चारलं, कारण ती सक्ती आपल्याला टोचणार नव्हती.

जरा तारखा आठवू. १ एप्रिल २०२१ पासून लस ४५ वर्षांवरच्या सगळ्यांना खुली झाली. त्याच आठवड्यात राज्य सरकारचे ‘ब्रेक द चेन’चे आदेश आले. घरपोच माल पोचवणारे, वाहतूकवाले, अशा बाहेर फिरून काम करणाऱ्यांनी लवकरात लवकर लस घ्यावी, आणि तोवर १५ दिवस चालणारा आरटीपीसीआरचा निगेटिव्ह अहवाल जवळ बाळगावा, नाहीतर दंड. आता घरी पार्सल घेऊन येणारा मुलगा किती वर्षांचा असतो? बावीस, पंचवीस, फार तर तीस. त्याला लस घ्यायला सरकारी नियमानेच परवानगी नव्हती. जी वस्तू त्याला मिळूच शकत नव्हती, ती नसल्याची शिक्षा म्हणून त्याने दर पंधरवड्याला नाकात काडी घालून घ्यायची. ही चाचणी कामाच्या वेळेत करायची का, तिचे पैसे कोण देणार, त्या दिवसाचा रोज कोण भरून देणार, हे त्याने आणि त्याच्या मालकाने आपसात बघून घ्यायचं. आपसात म्हटलं की कोण भरतं हे सांगायला नको.

१ मेपासून १८ वर्षांवरच्यांना दार उघडलं, पण आत लसच नव्हती. ४५ वरच्यांच्या दुसऱ्या डोसलाच साठा पुरेना म्हणून मेच्या दुसऱ्या आठवड्यात महाराष्ट्राने १८ ते ४४ वयोगटाचं लसीकरण थांबवलं. खासगी रुग्णालयात मिळत होती. जूनमध्ये केंद्राने कमाल दर ठरवून दिले तेव्हा कोव्हिशील्डचा एक डोस ७८० रुपयांना आणि कोव्हॅक्सिनचा १,४१० रुपयांना होता. नोंदणीचं कोविन पोर्टल सुरुवातीला फक्त इंग्रजीत. स्लॉट उघडला की काही सेकंदांत संपायचा. आमच्या धंद्यातल्या लोकांनी त्यावर तोडगा काढला. कोविनची माहिती दर काही सेकंदांनी तपासून मोबाइलवर घंटी वाजवणाऱ्या स्क्रिप्ट लिहिल्या, टेलिग्रामवर ग्रुप काढले. हुशारीचं कौतुकही झालं. पण रांगेत पुढे कोण गेलं? ज्याच्याकडे लॅपटॉप होता तो. लस घेतलेला आणि न घेतलेला यांच्यातली रेघ त्या उन्हाळ्यात मतांची नव्हती, इंटरनेटच्या वेगाची होती.

मग २१ जूनपासून १८ वर्षांवरच्या सगळ्यांना लस मोफत झाली आणि १५ ऑगस्टपासून मुंबईची लोकल खुली झाली. पण दुसरा डोस घेऊन १४ दिवस झालेल्यांनाच. इथे साधी बेरीज करून बघा. मेच्या मध्यापासून कोव्हिशील्डच्या दोन डोसांत किमान ८४ दिवसांचं अंतर ठेवण्याचा नियम होता. एखाद्या तिशीतल्या माणसाने मोफत लशीच्या पहिल्याच दिवशी, २१ जूनला, रांगेत उभं राहून कोव्हिशील्ड घेतली तर त्याचा दुसरा डोस १३ सप्टेंबरला. त्यावर १४ दिवस धरले की २७ सप्टेंबर. म्हणजे सगळे नियम पाळणारा, एक दिवसही न दवडणारा माणूस १५ ऑगस्टला प्लॅटफॉर्मवरच राहणार होता. दुकानाचा मालक म्हणत होता वेळेवर ये, आणि ज्या गाडीने वेळेवर येता येतं त्या गाडीत चढायला मनाई होती. ही अट लिहिणाऱ्या माणसाच्या डोळ्यांसमोर कल्याणहून फोर्टला येणारा पोऱ्या नव्हता, एवढं त्या बेरजेतून नक्की कळतं.

यावर कुणी म्हणेल, या अंमलबजावणीतल्या चुका झाल्या, तत्त्व तर बरोबर आहे ना? नोव्हेंबर २०२१ पर्यंत लस भरपूर झाली होती. मग तेव्हा सक्ती करायला काय हरकत होती?

तेव्हा काय झालं तेही बघू. ठाणे महापालिकेने जाहीर केलं की ज्या कर्मचाऱ्यांनी पहिला डोसही घेतलेला नाही, त्यांना पगार मिळणार नाही. औरंगाबाद जिल्ह्यात तर रेशन, गॅस आणि पेट्रोललाही एका डोसची अट घातली गेली. दोन्हीकडे हत्यार एकच होतं. माणूस जिथे ‘नाही’ म्हणूच शकत नाही ती जागा हेरायची आणि तिथे पकडायचं. पगार हे केलेल्या कामाचं देणं असतं. महिनाभर गटारं उपसून घेतल्यावर पहिल्या तारखेला ‘आता दंड पुढे कर, मग पैसे देतो’ म्हणणं याला आरोग्यधोरण म्हणत नाहीत. आपल्या गावाकडे सावकार असंच बोलायचा.

गंमत म्हणजे त्याच महिन्यात ‘हर घर दस्तक’ मोहीम सुरू झाली. आशाताई दारोदार गेल्या, ओट्यावर बसल्या. ताप येईल का, बाळाला अंगावर पाजत असले तर चालेल का, साखर आहे त्यांचं काय, अशा शंकांना उत्तरं दिली आणि तिथेच लस टोचली गेली. ज्यांनी तोवर लस घेतली नव्हती त्यातले बरेचसे हट्टी नव्हते. कुणाला दोन दिवस ताप आला तर दोन दिवसांची मजुरी बुडण्याची भीती होती, कुणाला विचारायला डॉक्टर नव्हता, कुणाच्या घरात आधीच एक मृत्यू झाला होता. या भीतींवर पगार रोखणं हा इलाज नाही. ओट्यावर बसणं हा आहे. आणि त्या आशाताईंना स्वतःला सरकार कर्मचारी म्हणत नाही. त्या ‘स्वयंसेविका’, त्यांना पगार नाही, ‘मानधन’. हा शब्दांचा खेळ लक्षात ठेवा, पुढे परत लागणार आहे.

सक्तीच्या बाजूचा सगळ्यात वजनदार मुद्दा टाळून चालणार नाही. तो असा: प्रश्न एकट्या कामगाराच्या शरीराचा नाही, शेजारच्या मशिनवर उभ्या असलेल्या दुसऱ्या कामगाराचाही आहे. त्याला सुरक्षित जागा देणं हे मालकाचं कर्तव्य आहे. मग मालकाने लस मागितली तर बिघडलं कुठे?

हे कर्तव्य मला शंभर टक्के मान्य आहे. म्हणूनच विचारतो, त्या कर्तव्यातलं बाकीचं कुठे गेलं? खिडक्या उघडल्या का? पंधरा माणसांच्या जेवणाच्या खोलीत चाळीस बसवणं थांबलं का? सर्दी-ताप आलेल्याला पगारी रजा देऊन घरी पाठवलं का, की खाडा लागेल म्हणून तो गोळी घेऊन आला आणि शेजाऱ्याला प्रसाद देऊन गेला? ही सगळी कामं मालकाच्या खर्चाची आहेत. लशीचं सर्टिफिकेट मागणं हे एकच काम फुकटचं होतं, आणि नेमकं तेवढंच सगळीकडे झालं. त्यात डिसेंबर २०२१ मध्ये ओमायक्रॉन आला आणि दोन-दोन डोस घेतलेली माणसंही एकमेकांना लागण करू लागली. लस घेणाऱ्याचा जीव वाचवत होती, पण शेजाऱ्याला होणारा संसर्ग पूर्वीइतका अडवत नव्हती. तरी दारावरचा सर्टिफिकेटचा पहारा चालूच राहिला, कारण तोवर तो आरोग्याचा राहिला नव्हता, फाइलचा झाला होता.

२ मे २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जेकब पुलियेल खटल्यात हीच गाठ सोडवली. न्यायालयाने म्हटलं की कुणालाही जबरदस्तीने लस टोचता येणार नाही, शरीरावरचा हक्क हा कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे. सरकारला सार्वजनिक आरोग्यासाठी निर्बंध घालता येतील, पण त्यामागे कायदा हवा, रास्त हेतू हवा आणि निर्बंध धोक्याच्या प्रमाणात हवा. लस न घेतलेल्यांवरचे तेव्हाचे निर्बंध प्रमाणात होते असं दाखवणारी माहिती न्यायालयापुढे आली नाही, आणि रुग्णसंख्या कमी आहे तोवर असे आदेश तपासून बघा ही सूचना सरकारांबरोबरच खासगी संस्थांनाही केली गेली. निकालाचा नीट अर्थ असा: सक्तीची ताकद वापरायची तर कारणं द्यावी लागतात, आणि ती तपासणारा कुणीतरी हवा. सरकारने आदेश काढला तर निदान उच्च न्यायालयात जाता येतं. फेब्रुवारी २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने लोकलबंदीचे आदेश ज्या पद्धतीने काढले गेले त्यावरच बोट ठेवलं होतं. पण हाउसकीपिंगच्या कंत्राटदाराने फोनवर ‘उद्यापासून येऊ नको’ सांगितलं तर त्याविरुद्ध कुठल्या खंडपीठापुढे उभं राहायचं?

आता जबाबदारीचं बघू. लशीचे गंभीर दुष्परिणाम फार विरळा होते, हे मान्य. पण विरळा म्हणजे शून्य नाही. लसीकरणानंतर दगावलेल्या दोन तरुणींच्या पालकांच्या याचिकेवर नोव्हेंबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने सर्वोच्च न्यायालयात प्रतिज्ञापत्र दिलं. त्याचा सूर असा होता: लस ऐच्छिक होती, ती बनवली दुसऱ्यांनी, सरकारवर थेट दायित्व येत नाही, भरपाई हवी तर दिवाणी न्यायालयात जा. ब्रिटनमध्ये लशीमुळे गंभीर अपंगत्व आलेल्यांना ठरावीक रक्कम देण्याचा कायदा १९७९ सालापासून आहे. आपल्याकडे कोविडच्या काळात तसं काही नव्हतं. म्हणजे चित्र असं झालं. सरकार म्हणतं ऐच्छिक होती. कंत्राटदार म्हणतो वरून आदेश होता. कंपनी म्हणते तो आमचा माणूसच नाही. आणि ज्याच्या दंडात सुई गेली तो म्हणतो, मला तर सगळ्यांनीच सांगितलं होतं.

‘आमचा माणूसच नाही’ हे वाक्य मी फार जवळून बघितलंय, एका डेटाबेसच्या तक्त्यात. मी तेव्हा ज्या कंपनीत होतो तिथे ऑफिस पुन्हा उघडताना हजेरीच्या पोर्टलमध्ये लशीचं सर्टिफिकेट चढवायची सोय करायची होती. सर्टिफिकेट असेल तर गेटवर कार्ड हिरवं, नसेल तर लाल. काम दोन दिवसांचं. पण त्यात दोन तक्ते होते. एकाचं नाव ‘एम्प्लॉयी’, दुसऱ्याचं ‘व्हेंडर स्टाफ’. कंपनीने हॉटेलसारख्या थाटात भरवलेलं लसीकरण शिबिर पहिल्या तक्त्यासाठी होतं, आई-वडील आणि नवरा-बायकोसकट. दुसऱ्या दिवशीची रजा पगारी, ताप आला तर वरून अजून एक दिवस. गेटवरची लाल-हिरवी अट मात्र दोन्ही तक्त्यांना सारखीच लागू होती. आमच्या मजल्यावर झाडलोट करणाऱ्या मावशी तेव्हा म्हणाल्या, “सुपरवायझर म्हणतो, सर्टिफिकेट आणा नायतर येऊ नका. कुठं मिळतं ते कोण सांगत नाय, दादा.” अट एकत्र, शिबिर वेगळं. मीटिंगमध्ये हा फरक मांडला तर उत्तर आलं की तो व्हेंडरचा विषय आहे. माझ्या धंद्यात अधिकार आणि जबाबदारी वेगवेगळ्या हातांत ठेवलेल्या सिस्टिमला आम्ही बिघडलेली सिस्टिम म्हणतो. इथे मात्र तसंच ठेवायचं ठरलं होतं.

मग मार्ग काय? तो नव्याने शोधायची गरज नाही. आपल्याच कायद्यात तो लिहिलेला आहे, फक्त त्याच्याकडे कुणाचं लक्ष नाही. जैववैद्यकीय कचरा व्यवस्थापन नियम, २०१६. त्यातला चौथा नियम सांगतो की रुग्णालयाचा ताबा ज्याच्याकडे आहे त्याने आपल्या आरोग्य कर्मचाऱ्यांचं आणि हा कचरा हाताळणाऱ्या इतरांचं हिपॅटायटिस बी, धनुर्वात अशा रोगांविरुद्ध लसीकरण करायचं आहे, कामावर घेताना आणि त्यानंतर वर्षातून किमान एकदा त्यांची आरोग्य तपासणी करायची आहे. वाक्याची रचना बघा. कर्ता मालक आहे. कामगाराने सर्टिफिकेट आणावं असं नाही, मालकाने लस द्यावी असं आहे.

आणि धोका खरा आहे. हिपॅटायटिस बी तीव्र असलेल्या रुग्णाची वापरलेली सुई लस न घेतलेल्या माणसाला टोचली तर लागण होण्याची शक्यता ३० टक्क्यांपर्यंत जाते. एचआयव्हीच्या बाबतीत हीच शक्यता ०.३ टक्क्यांच्या आसपास असते. लस आहे, स्वस्त आहे, अनेक वर्षं वापरात आहे. पण बाळांच्या सरकारी लसीकरणात ती देशभर आली २०११ च्या सुमारास. म्हणजे आज वॉर्डात पिवळी पिशवी उचलणाऱ्या बहुतेकांना ती लहानपणी मिळालेली नाही. शिवाय तिचे तीन डोस, सहा महिन्यांत पसरलेले. कंत्राटदार मध्येच बदलला तर तिसरा डोस कुणाच्या नावावर? सुई टोचल्यावर हा माणूस ‘आमचा’ की ‘त्यांचा’? आणि हा नियम रुग्णालयाच्या कुंपणापर्यंत. त्याच सुया, तीच पॅड घरच्या कचऱ्यात बांधून आपण ज्यांच्या हातात देतो त्या कचरावेचकांच्या लशीची जबाबदारी नक्की कुणाची? कोविडच्या सर्टिफिकेटसाठी गेटवर स्कॅनर लावणाऱ्या या देशाने हिपॅटायटिसच्या लशीवरून एखाद्या रुग्णालयाच्या संचालकाचा पगार रोखलेला मी तरी ऐकलेला नाही.

संचालक लांब राहिला, आपल्याच सोसायट्या बघा. मालक म्हटलं की आपल्याला टाटा-बिर्ला आठवतात, पण भांडी घासायला बाई ठेवणारा प्रत्येक जण मालक आहे. सोसायट्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर तेव्हा फर्मानं निघाली: कामवाल्या बायका, ड्रायव्हर, इस्त्रीवाले यांनी सर्टिफिकेट दाखवल्याशिवाय गेटमधून सोडू नये. तिसऱ्या मजल्यावरच्या लस न घेतलेल्या काकांना वॉचमनने अडवल्याचं कुणी ऐकलंय? त्या बाईला लशीच्या दुसऱ्या दिवशी ताप आला, तर चार घरांपैकी किती घरांनी खाडा कापला नाही? लिफ्ट तीच, हवा तीच, विषाणू तोच. फरक एवढाच की एकाला आपण अडवू शकत होतो आणि दुसऱ्याला नाही. ज्याला अडवू शकतो त्यालाच अडवायचं, यात विज्ञान कुठे आलं?

तर माझं म्हणणं असं. कामाच्या ठिकाणी एखादी लस गरजेची आहे की नाही हे मालकाने ठरवू नये. कारणं देऊन, कायद्याने, ठरावीक मुदतीसाठी सरकारने ठरवावं. तसं ठरलं की पहिली सक्ती मालकावर. लस त्याने आणायची, कामाच्या वेळेत आणि फुकट द्यायची. लशीचा दिवस आणि तापाचा दिवस पगारी. शंकांना उत्तर द्यायला सुपरवायझर नव्हे, डॉक्टर बसवायचा. काही विपरीत झालं तर ते कामावरची इजा धरून भरपाई द्यायची. १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याने कामातून होणारे संसर्गजन्य रोग व्यावसायिक आजारांच्या यादीत धरलेच होते; मग कामासाठी घेतलेल्या लशीचा त्रास त्याबाहेर का ठेवायचा? आणि हे सगळं कंत्राटी माणसालाही, मूळ मालकाच्या खर्चाने. कंत्राटदाराने पगार बुडवला तर तो मूळ मालकाने द्यावा, हे तत्त्व १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्याने घालून दिलं होतं. तेच लशीला लावा.

एवढं सगळं करूनही कुणी नाही म्हणाला तर? म्हणतील काही जण. पण मालकाने आपलं काम खरोखर केलं तर ते थोडे असतील. त्यांना धोका कमी असलेलं काम द्या, मास्क द्या, पाळी बदला. केमोथेरपीच्या वॉर्डात, नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात, जिथे लस संसर्गच अडवते आणि समोरच्याचा जीव खरोखर त्यावर अवलंबून आहे, तिथे लस न घेतलेल्या माणसाला त्या खाटेजवळ जाऊ देऊ नका. हे मला मान्य आहे. पण त्याची बदली करा, त्याची चूल विझवू नका. आणि केलेल्या कामाचा पगार तर कुठल्याच कारणाने अडवू नका.

मालकमंडळी म्हणतील, हे फार खर्चिक आहे. आहेच. सुरक्षितता खर्चिक असते. मेमध्ये सरकारी केंद्रांत लस नव्हती तेव्हा मोठ्या कंपन्यांनी पैसे मोजून आपल्या माणसांसाठी ती आणलीच. कोचीजवळच्या एका कापड कंपनीने पाच हजारांवर कामगारांना स्वखर्चाने पहिला डोस दिला आणि दुसरा लवकर द्यायची परवानगी मिळावी म्हणून ती केरळ उच्च न्यायालयात भांडायला गेली. मनात असलं की जमतं. मनात नसेल तिथे कायद्याने भाग पाडायचं असतं. आणि सक्ती हा शब्द वापरायचाच असेल तर तो इथे वापरावा. पुढच्या साथीत कुणी ‘कामगारांना लस सक्तीची करा’ म्हणालं, तर त्याला एवढंच विचारा: तुमच्या दुसऱ्या तक्त्यातल्या माणसांसाठी शिबिर कोणत्या तारखेला आहे?